विमलास, पेटीविषयी

दांडी, मालवण
२ डिसेंबर १९८४

विमला,

पत्राच्या डोक्यावर काय काय लिहायचं असतं ते मला दुसरीत शिकवलं होतं, पण त्यात अर्धा कागद जातो. तू बरी असशील. मी बरी आहे, गुडघा सोडून.

शिरोड्याची अक्का सुकी सुंगटं घेऊन इथल्या बाजारात आली होती. माझ्याच शेजारी बसली. तिचं तोंड तुला ठाऊक आहे, मासळी संपली तरी ते चालूच. म्हणाली, "तुझी नात शाळेत पेटी वाजवता गो. अशी वाजवता की मास्तर बघीत रवतत." मी म्हटलं, "वाजवांदे. बापाशीचा रक्त, जातला खंय." मग म्हणाली की शाळेची पेटी शाळेत राहते, घरी पेटी नाही, म्हणून सुनीती मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवते आणि वाजवत बसते.

घरी पेटी नाही म्हणजे काय? माझ्या विश्रामची पायपेटी तू नेली होतीस. मी विचारत नाही. अक्काला वाढवून बोलायची खोड आहे, असं धरून चालते.

लिहायचं कारण वेगळं आहे. मी घरात एक पेटी घेणार आहे. जुनीच. सोमवारी वाडीतल्या बायका माझ्याकडे भजनाला बसतात. त्यांच्या तोंडाचा आणि टाळांचा एकमेकांशी संबंध नसतो. पेटी असली तर कशाला तरी धरून राहतील. आता घेतेच आहे तर सुनीतीच्या हाताला बसेल अशी घ्यावी, एवढंच. सुट्टीत आली तर वाजवील. नाही आली तर बायका आहेत. तिला विचार, हातपेटी बरी की पायपेटी, आणि कळव.

विश्राम गेल्यावर ह्याच घरात पेटी नको असं मीच म्हणाले होते, ते तू काढशील. ती पेटी वेगळी. दशावताराचा खेळ करून जत्रेहून येताना ती त्याच्याबरोबर टेंपोत होती. टेंपो उलटला, तो गेला, आणि तिचा नुसता एक कोपरा फुटला. अशी वस्तू मला डोळ्यांसमोर नको होती. कुणालाही नको झाली असती. मी पेटी अंगणात ठेवली. तू पेटी उचललीस, मुलगी उचललीस आणि शिरोड्याच्या गाडीत बसलीस. गाडीत बस असं मी म्हटलं नव्हतं.

चंद्रावती


१४ जानेवारी १९८५

विमला,

पोस्टमनला विचारलं, शिरोड्याचं टपाल बंद आहे काय. तो म्हणाला, चालू आहे. बरं.

पेटी बघायला सुरुवात केली. बरोबर दाजीला घेतलं. विश्रामची बोटं पहिल्यांदा ह्यानेच पट्ट्यांवर ठेवली होती, म्हणून त्याला अजून वाटतं की विश्राम त्याचाच. आता एका कानाने ऐकतो, आणि तो कान कुठला ते रोज शोधावं लागतं. पण दुसरा कोण आहे?

आधी दाजीने मला कार्मेलीन बायच्या घरी नेलं. ती माझं जुनं गिऱ्हाईक, सुरमई घ्यायची तर शेपटाकडची घेणार. तिची मुलं मुंबईला बोलावतात म्हणून घरातलं सामान काढते आहे. दाजी म्हणाला होता, "पेटीच आसा, जरा मोठी." आत जाऊन बघते तर पियानो. म्हैस उभी राहावी तसा भिंतीला लागून उभा. झाकण काढलं, तर दात पिवळे आणि मधले काही पडलेले. मागच्या पायाला वाळवी. कार्मेलीन मला म्हणाली, "घी गो चंद्रा, तुका म्हणान देतंय. पण हो घरात गेलो तर तू खंय निजतलंस?" मी म्हटलं, "ह्याच्यात." ती हसली आणि मग बसून एक वाजवलं. नवरा होता तेव्हा रविवारी वाजवायची ते. मध्ये मध्ये सूर नव्हते तिथे तिने तोंडाने घातले. मी तिला चांगले बांगडे देऊन आले, पियानो नको म्हटलं.

मग कुडाळला एका भजनी मंडळाची पेटी बघितली. त्यांनी वर नवीन रंग काढला होता. मासा घेताना मी वरचं तेज बघत नाही, कल्ले उघडते. पेटीचे कल्ले म्हणजे भाता. भाता उघडला, नाक घातलं, उंदराच्या मुताचा वास. दाजी तोवर डोळे मिटून वाजवत होता आणि मान हलवत होता. मी म्हटलं, "ऊठ. आत बाळंतीण आसा." मंडळवाल्यांना राग आला. येऊ दे.

तिथेच कुडाळात मथुरा म्हणून एक बाई आहे, नवरा शाळेत पेटी शिकवायचा, तो गेला. तिच्याकडे हातपेटी आहे असं कळलं. पण ती बाई विकू की नको करत बसलेली. तिचं बघू.

सुनीतीची सहामाही झाली असेल. गणितात तिला किती पडले ते कळव. विश्रामला कधी पडले नाहीत.

चंद्रावती


१० फेब्रुवारी १९८५

विमला,

अक्का वाढवून बोलत नव्हती.

काल कट्टा गावाला गेले होते. तिथे गंगाराम म्हणून एक आहे, मांडव, कंदील, कर्णे भाड्याने देतो, भजनाला पेट्याही देतो. दाजी म्हणाला, त्याच्याकडे चार पेट्या असतात, एखादी काढील. त्याने मागच्या खोलीतून सामान हलवलं, आणि तिथे ती होती. फुटक्या कोपऱ्याला कुणीतरी डब्याचा पत्रा ठोकला आहे. पण पत्र्यावरून मी ओळखली नाही. बाजूच्या फळीवर खिळ्याने ओढलेली मासळी आहे. सुनीती लहान असताना तिने ओढली होती, आणि विश्रामने तिला मारायला हात उचलला आणि मग म्हणाला, "शेपूट बरी जमली." तुला आठवत असेल.

गंगारामला मी ओळख दिली नाही. तो आपणहून म्हणाला, "शिरोड्याच्या एका बायेची. वादळात कौलां उडाली, तेव्हा विकल्यान. पण माका काय फायदो नाय, जड पडता, कोण नेऊक बघणा नाय." 

म्हणजे भावाच्या घरावरची कौलं तू पेटी विकून घातलीस. बरं केलंस. पावसात डोक्यावर कौल लागतं, पेटी लागत नाही. मी असते तर आधीच विकली असती. हे मी टोचून लिहीत नाही, जसं आहे तसं लिहिते. दाजीला मात्र ते कळलं नाही. तो त्या पेटीवर बसला आणि खेळ सुरू होताना विश्राम जे वाजवायचा तेच त्याने काढलं. मी बाहेर जाऊन उसाचा रस प्यायले. रस मला आवडत नाही.

परत आत आले तेव्हा दाजी नाक पुसत होता. मला म्हणाला, "चंद्रा, हीच घेवया. घरची पेटी घराक." मी त्याला विचारलं, सूर कसे आहेत. म्हणाला, मधले काही बसलेत, पायाकडची दोरी तुटली आहे, भाता गळतो. मग कशाला घ्यायची? घरची होती म्हणून? घरचा मासा कुसला तर तोही टाकतोच आपण. मुलगी शिकणारी आहे, तिला धड वाजणारी वस्तू हवी. मी ती घेतली नाही.

ह्याच्यावर तुझं काय म्हणणं असेल ते लिही. शिव्या असल्या तरी चालतील, कागद भरेल.

चंद्रावती


२८ मार्च १९८५

विमला,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर चार ओळी. पण अक्षर सुनीतीने तुझंच घेतलंय काय? खाली तिने नाव घातलंय ते तुझ्यासारखंच मागे झुकलेलं आहे.

हातपेटी हवी, हे कळलं. पेटीची परीक्षा जूनमध्ये आहे, सराव बुडता कामा नये, घरी पेटी असेल तर मे महिन्यात पंधरा दिवस पाठवीन, हेही कळलं. पेटी असेल तर. बरं.

पेटी आहे. मथुराची घेतली. तिच्याकडे तीनदा जावं लागलं. पहिल्यांदा तिने चहा दिला आणि पेटी दाखवली नाही. दुसऱ्यांदा पेटी दाखवली आणि हात लावू दिला नाही. परवा विचारलं, "कोण वाजवतली?"

मी म्हटलं, "नात."

"तुमच्याकडेच रवता?"

मी म्हटलं, "होय."

सुट्टीत राहणार म्हणजे राहतेच ना. मग तिने पेटीवरची ओढणी काढली. काळ्या पट्ट्या झिजून त्यांच्या कडा गोल झाल्या आहेत, विड्याच्या सुपाऱ्यांसारख्या. भात्याला कोऱ्या वहाणेचा वास. दाजीने एकेक पट्टी दाबली आणि तोंडातलं पान थुंकून आला, तेव्हाच मला कळलं की पेटी बरी आहे. नाहीतर तो पानासकट बोलतो.

मथुराने पेटी देताना मला बजावून सांगितलं. "कोरड्या फडक्यान पुसा. पावसाळ्यात खूप जपा. ओल लागली तर पेटी गेली समजा. ओलीसारखो पेटीक वैरी नाय." मी म्हटलं, "दर्याकाठी जन्म गेलो बाय माझो, ओल काय ती माका सांगू नकोस." तिच्या दारातून पेटी निघाली तेव्हा ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

पैसे कुठून आणले असं तू विचारणार नाहीस, पण मनात म्हणशील. हातातल्या पाटल्या मासळी कापताना अडकायच्या. आता हात मोकळे आहेत.

मे महिन्याची वाट बघते. म्हणजे भजनाच्या बायका बघतात. सुनीतीने त्यांना दोन चाली शिकवाव्या असं त्यांचं चाललंय.

चंद्रावती


१२ जून १९८५

विमला,

गोवर कुणालाही येतो, त्यात तुझा दोष नाही. पण कार्ड चार दिवस आधी टाकलं असतंस तर बरं झालं असतं. मी स्टँडवर काही तुमच्यासाठी गेले नव्हते. तिथे बांगड्याला गिऱ्हाईक असतं. दोन दिवस बसले, कारण बांगडा भरपूर होता.

अंगावरचे डाग गेले काय? कडुनिंबाचा पाला घालून आंघोळ घाल. परीक्षेला बसली हे बरं झालं.

तिच्यासाठी आंब्याचं साठ केलं होतं ते अक्काबरोबर पाठवते. अक्का वाटेत खाईल, तेव्हा थोडं कमी भरेल.

भजनाच्या बायका पेटी वाजवायला बसल्या होत्या. त्यांना मी पुन्हा बसू देणार नाही. त्यांतल्या लक्ष्मीने पेटीवर नारळ ठेवला.

आता पाऊस लागला. घराच्या भिंती घामेजल्या आहेत, पत्रिकेवर बुरशी, मीठ पाण्यासारखं. पेटी ओटीवर ठेवावी तर दर्याचं वारं, खोलीत ठेवावी तर ओल. दोन रात्री माझ्या बाजूला अंथरुणावर ठेवली, तरी सकाळी तिच्या पितळेवर दव. मथुराचं बोलणं माझ्या कानात बसलंय. तेव्हा मी ती चुलीवरच्या माळ्यावर चढवली आहे. तुला ठाऊक आहे, आपल्याकडे पावसात जे जपायचं ते तिथेच जातं. कोकमाची सोलं, बियाणं, सुकं, सगळं तिथे धुराला राहतं आणि गणपतीच्या चवथीपर्यंत एक किडा लागत नाही. माझ्या सासूने तिथे घराचे कागद ठेवले होते, अजून कोरे आहेत. पेटी माझ्या जुन्या लुगड्यात घट्ट बांधली आहे. चूल मी दिवसभर विझू देत नाही. एकटीच्या जेवणाला एवढी लाकडं कशाला असं शेजारची विचारते. विचारू दे.

चवथीला पाठव. तोवर पेटीला ओलीचं बोट लागणार नाही, हे माझ्याकडून लिहून घे.

चंद्रावती


६ सप्टेंबर १९८५

विमला,

पेटी काल खाली काढली.

लुगडं सोडलं तर आतून काळी पूड पडली. भात्याचं चामडं पापडासारखं तडकलं आहे. सरस वितळून खाली ओघळला आणि तिथे पुन्हा सुकला, त्यात पट्ट्या एकमेकींना धरून बसल्या आहेत. वरची फळी मध्येच वाकली आहे. दाजीला बोलावलं. त्याने भाता ओढला, तर सूर आला नाही, सुक्या मोरी माशाचा वास आला. मग म्हणाला, "चंद्रा, पेटी सुकवून ठेवलंस गो. आता सार करुया." मी त्याला हाकलला. मग त्याच्यामागे जाऊन विचारलं, दुरुस्त होईल काय. म्हणाला, जो करणारा होता तो सावंतवाडीचा, तो मेला.

ओल लागली नाही. तेवढं खरं.

तू चवथीच्या आदल्या दिवशी तिला गाडीत बसवणार असं कळवलं आहेस. तुझं कार्ड पेटीवरच ठेवलं होतं. आता पेटी नाही, तर तुझ्या लिहिण्याप्रमाणे तिला पाठवायचं कारणही नाही. म्हणून कळवते. पाठवू नकोस.

चंद्रावती


२६ सप्टेंबर १९८५

विमला,

सोबतचं पत्र वाचलंस काय? तारीख बघ. ते मी तेव्हाच लिहिलं होतं. पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले होते. टाकलं नाही. आज दोन्ही एकाच पाकिटात घालते, म्हणजे तिकीट वाचतं.

सुनीती सुखरूप पोचली असेल. इथे काय झालं ते तिने सांगितलं असेल किंवा नसेल. ती तुझ्यासारखी, विचारल्याशिवाय सांगत नाही. तेव्हा मीच लिहिते.

गाडीतून उतरली ती माझ्यापेक्षा उंच. मी तिला ओळखली नाही, तिने मला ओळखलं. घरात शिरताच म्हणाली, "आजये, पेटी खंय?" मी म्हटलं, "आधी पाय धू." पाय धुतले. "आता जेव." जेवली. "आता वायच पड." ती म्हणाली, "आजये, पेटी खंय?"

आणून दिली. काय झालंय ते सांगितलं नाही. मला वाटलं, एखादी पट्टी तिच्या हाताला बोलेल. दाजीचे हात आता थरथरतात, त्याला काय कळतं. तिने मांडी घातली, पेटी पुसली, कपाळ टेकवलं आणि भाता ओढला. वारा इकडून आत गेला, तिकडून बाहेर आला. तिने ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक पट्टी बघितली, घाई न करता. मधली एक शेळीच्या पिल्लासारखी ओरडली, तेवढीच. मग तिने हात मांडीवर ठेवले.

"चुलीवर ठेवलेलंस?"

"पावसाक भियान."

"कोणाक इचारलंस?"

"कोणाक इचारूचा? तुझ्या आवशीक? ती चार ओळींवर पाचवी लिही नाय."

तिने पेटीचं झाकण लावलं. मग आवाज न चढवता म्हणाली, "बाबाची पेटी भायर घातलंस, आणि ही माळ्यार घातलंस. तुका पेटी ठेवूचीच जमणा नाय, आजये."

तोंड कुणाचं घेतलंय म्हणून बघायला गेले, तर तुझं नाही. माझंच आहे.

गणपती आला. आरतीला वाडी जमली. दाजी तिला म्हणाला, "म्हण गो चेडवा, विश्रामाची तू." ती म्हणाली, "सूर कोण देतलो?" म्हटलं नाही. भजन चाललं होतं तेवढा वेळ त्या मुक्या पेटीच्या झाकणावर हात ठेवून कोपऱ्यात बसली. बायका नेहमीसारख्या, टाळ एकीकडे आणि तोंड एकीकडे. पाच दिवस राहायची होती, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "शाळा बुडता." शाळेला सुट्टी होती ते मलाही ठाऊक आहे. मी मोदक बांधून दिले.

जाताना स्टँडवर तिने एकच विचारलं. तू तिला सांगितलं होतंस वाटतं, की मी कट्ट्याला ती जुनी पेटी बघितली. म्हणाली, "आजये, मासळी आसा ती अजून?"

मी म्हटलं, "आसा."

"शेपटेसकट?"

"शेपटेसकट."

तेव्हा जरा हसली. आली होती तेव्हापासून पहिल्यांदा. मग पाया पडली आणि गाडीत चढली.

आता तुला खरं सांगते. तू मुलगी गाडीत बसवायच्या आधी, ही पेटी मेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी कट्ट्याला गेले होते. म्हटलं, जड तर जड, गळकी तर गळकी, ती आणते. काही सूर तरी निघतील. दाजीला नेलं नाही, तो पुन्हा रडला असता. गंगाराम म्हणाला, "म्हातारये, उशीर केलंस. श्रावणात भजनांका पेटी कमी पडली, म्हणान ती मोडलंय. सूर दुसऱ्या पेटीत घातलंय. बरे वाजतत." मी विचारलं, फळ्या? म्हणाला, फळ्या त्याच्या बायकोने न्हाणीच्या चुलीत घातल्या. मासळी ओढलेली फळी कुठली ते त्याला ठाऊकच नव्हतं. त्याचा तरी काय दोष? लाकूड चांगलं कोरडं होतं म्हणाला.

हे सुनीतीला सांगू नकोस. तिने तुला विचारलं तर तूही म्हण, आसा. दोघींचं एक असलेलं बरं, नाहीतर मुलगी आपल्याला पकडील. हुशार आहे.

मुकी पेटी ओटीवर ठेवली आहे. लक्ष्मी म्हणाली, अडगळ झाली, बाहेर ठेव. मी ठेवली नाही. लुगडं धुऊन वर घातलं आहे. मधली ती शेळीवाली पट्टी कधी कधी अजून बोलते, हवा कोरडी असली तर.

आता दुसरी पेटी मी घेऊ शकत नाही. हातात काढायला काही उरलं नाही. तेव्हा पुढच्या चवथीला तिला कशासाठी पाठवायचं ते मला सांगता येणार नाही. सराव होणार नाही, बायकांना चाली शिकवायच्या नाहीत, परीक्षाही नाही.

तरी पाठव. आणि तूही ये.

कारण काही नाही.

चंद्रावती